गळ्यातला जोर

ज्युली मावशी बाळंतिणीच्या तोंडाकडे फारसं बघायचीच नाही. तिचं सगळं लक्ष पायाच्या बोटांवर. टेबलावरची बाई रडतेय, देवाचा धावा करतेय, नवऱ्याचा उद्धार करतेय, याचं तिला काही नसे. बोटं आखडलेली दिसली की म्हणायची, "ही खोटा जोर लावतेय." तिचा अंदाज सहसा चुकत नाही, असं नर्सिंग होममधली नर्सही सांगायची.

मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर ते छोटं नर्सिंग होम होतं. २००३ साली मी तिथे नाव घातलं. मावशी तिथली आया. उत्तनकडच्या तारोडीहून रोज बसने यायची. नवव्या महिन्यात तपासणीला गेलं की आम्हा पहिलटकरणींना बाकावर बसवून शिकवायची. "हनुवटी छातीला लाव. कळ आली का दम भर नि खाली जोर दे. कळ गेली का मेल्यासारखी पड. मधीच जोर देशील तर नुसती दमशील. नि गळ्यातनं जोर न्हाय लावायचा. पोर काय गळ्यातनं येत न्हाय." आम्ही हसायचो. मी बँकेत नोकरीला, त्यात एक जाडजूड पुस्तक आणून वाचलेलं. मला वाटायचं, हे आपल्याला सगळं येतं.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी सासूबाईंनी चहात एरंडेल घालून दिलं. त्यांच्या माहेरी कोकणात तशीच पद्धत. "लवकर सुटशील," म्हणाल्या. नाही म्हणायची माझी टाप नव्हती. डॉक्टरीणबाईंना मात्र मी ते सांगितलं नाही. एरंडेल प्यायले हे इतक्या शिकलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुपारी बारापासून मी टेबलावर. खोली जेमतेम टेबल मावेल एवढी, खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासलेला, माझे दोन्ही पाय पट्ट्यांनी वर बांधलेले. दाराला नुसता पडदा आणि पलीकडच्या बाकावर सासू-सासरे. सासऱ्यांचा खोकला मला ऐकू येत होता, म्हणजे माझं सगळं त्यांनाही येत असणार. कळ आली की खाली भयंकर दाब यायचा, तोही अगदी संडासला लागल्यासारखा. त्यात पोटात ते एरंडेल. खरा जोर लावला तर इथेच, या पांढऱ्या चादरीवर, डॉक्टरीणबाईंच्या हातावर... मी तोंड लाल करून किंचाळत होते आणि खाली सगळं घट्ट आवळून धरत होते. उठून पळायचीही सोय नव्हती. असा दीड तास गेला.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

"चल, मी बी येते," मावशी म्हणाली. "पन पोराला हितं ठेवून जाशील काय?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बाळाचे ठोके ऐकले आणि त्यांचा चेहरा बदलला. "बेटा, धड़कन कम हो रही है. और दस मिनट देखती हूँ, नहीं तो दूसरे हॉस्पिटल ले जाके सीज़र." दुसरं हॉस्पिटल म्हणजे रुग्णवाहिका येणार, मला जिन्यावरून उतरवणार, मग रस्ता. तेवढा वेळ बाळ आत काढेल का? माझं बाळ अडकलं होतं आणि त्याला अडवून धरणारी मीच होते. हे मला कळत होतं, तरी सांगवत नव्हतं.

मावशीने माझी आखडलेली बोटं मुठीत धरली. मग कानाशी वाकली. "लाजतेस ना, बाय? संडास होईल म्हनून?"

मी मानेनेच हो म्हटलं. "सासूबाईंनी एरंडेल दिलंय," असं सांगून टाकलं आणि रडले.

"मग होईल. हून जाऊ दे. लय जनींचं होतं, कुनी सांगत न्हाय. मी पुसीन. त्यासाठीच उभी हाय मी हितं."

तशीच ती पडद्याबाहेर गेली. "मामा, खाली जाऊन चा पिऊन या. मामींना पन न्या. आत्ताच जायचं." आमच्या सासऱ्यांना असं फर्मावणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकली. चपलांचा आवाज जिन्याकडे गेला.

पुढच्या कळेला मी दम भरला, हनुवटी छातीला लावली आणि सोडून दिलं. व्हायचं ते झालंच. मावशीने ओट्यावर सांडलेलं दूध पुसावं तसं ते पुसून टाकलं. तोंडाने चालूच होतं, "हां, ह्यो खरा जोर! अजून थोडा, माझी बाय, अजून!" चौथ्या कळेला मुलगी झाली. तिने रडायला थोडा वेळ घेतला. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं देवाला, ते आता आठवतही नाही. मग ती रडली.

घरी निघायच्या दिवशी मावशी बाळाचे कपडे बांधून देत होती. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"दोगी पोरी. पयला पोरगा ऱ्हायला न्हाय." तिचे हात चालूच होते. "घरातच झाला. भायेर वटीवर सासरा, दीर, समदे बसलेले. मी सतरा वर्सांची. सकाळपासनं तुझ्यासारखीच धरून बसले. सांज झाली. सुईनीला पन बोलले न्हाय."

"तुमची काय चूक त्यात," मी पुटपुटले. माझंच मला ते पोकळ वाटलं.

"तवा कुनी इचारलं न्हाय बग मला, लाजतेस काय म्हनून," ती म्हणाली. "येकदा जरी इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं मी."

मी मुलीला तिच्या हातांत दिलं. खाली रिक्षा थांबली होती, सासूबाई जिन्यातून हाका मारत होत्या, तरी मावशीने तिला बराच वेळ परत दिलं नाही.