खालच्या मजल्यासाठी तीन फेऱ्या

माझ्या थोरल्या जाऊबाई खेळात मुद्दाम मागे राहायच्या. हे माझ्या लक्षात यायला जवळजवळ अख्खा उन्हाळा गेला. टीव्हीचा पडदा दोघींत अर्धा अर्धा वाटलेला असतो, पण माझी नजर माझ्या अर्ध्यातून कधी हललीच नाही. मी पुढे होते, एवढं मला पुरेसं होतं.

खेळ छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा. माझा मुलगा इंजिनिअरिंगला नागपूरला गेला आणि त्याचं खेळाचं मशीन अकोल्याच्या घरात टीव्हीखाली पडून राहिलं. दुपारी आमचे दोघींचे नवरे दुकानात असायचे, स्वयंपाकघर आवरलेलं, कूलर घरघरत असायचा. एकदा धूळ पुसता पुसता मी ते मशीन चालू केलं. जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "एक रिमोट मले दे. पाहू काय आहे त्याच्यात."

मला शिकवण्याची हौस दांडगी. माझं माहेर अमरावतीचं, आणि तिथे माझ्या मामेभावाकडे असाच एक जुना गाड्यांचा खेळ होता. सगळी सुट्टी आम्ही त्याच्यासमोर काढायचो. वळणावर गाडी कधी घसरू द्यायची आणि कधी सावरायची, हे तेव्हापासून माझ्या बोटांत बसलेलं आहे. ताई तेल्हाऱ्याकडच्या, त्यांनी हातात असलं काही धरलेलं नव्हतं. पहिले काही दिवस त्यांची गाडी भिंतीला नाक लावून उभी असायची आणि त्या खेळातल्या झाडांना शिव्या द्यायच्या.

मग त्या जिंकायला लागल्या. रोज नाही, पण माझं डोकं फिरेल इतक्या वेळा.

या खेळात रस्त्यावर चमकत्या पेट्या तरंगत असतात. गाडी पेटीतून गेली की हातात काहीतरी पडतं. पुढे असणाऱ्याला बहुतेक केळ्याचं साल मिळतं. सगळ्यात मागे असणाऱ्याला रॉकेट मिळतं, नाहीतर पहिल्या नंबराला शोधत जाऊन त्यालाच उडवणारा बॉम्ब. म्हणजे तुम्ही डोळ्यांत तेल घालून तीन फेऱ्या गाडी चालवायची, एक वळण चुकवायचं नाही, आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी मागून येऊन तुम्हाला हवेत उडवायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक दिवस मी त्यांच्या अर्ध्या पडद्याकडे पाहिलं. ताई रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून शांतपणे बसल्या होत्या. मशीन चालवतं त्या बाकीच्या गाड्याही पुढे गेल्यावर त्यांनी आपली हलवली.

"ताई, तुमी थांबता कावून?"

"मले वळणं जमत नाईत. पेट्या जमतात."

"मंग हे काय गाडी चालवनं झालं? हे तं नुसतं नशीब."

"नशीब कायचं वं? कुठं थांबाचं, कोनती पेटी घ्याची अन् हातातलं कवा सोडाचं, हे मले समजते. तुले वळण समजते."

मी रागारागात अमरावतीला मामेभावाला फोन लावला. म्हटलं, आपल्या जुन्या खेळात असं नव्हतं, तिथे खरं कसब लागायचं. तो हसत सुटला. "पेट्या त्याच्यातही होत्या वं. रॉकेट तुले भेटलं की तू त्याले कसब म्हनत जाय." मी फोन ठेवला. पण तो म्हणाला ते खरं असावं. त्या सुट्ट्यांमधलं मला फक्त माझं वळण घेणं आठवतं. मी कशावर बसून जिंकले, ते काही आठवत नाही.

याच सुमारास घराच्या वाटणीचं निघालं. भांडण नव्हतं. सासूबाई गेल्या होत्या, ताईंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, एका चुलीवर आता भागणार नव्हतं. घराचे दोन मजले आणि दोन भाऊ, म्हणजे हिशेब सरळ होता. एकाने खाली राहायचं, एकाने वर. अडचण एवढीच की आम्हा दोघींनाही खालचा मजला हवा होता, आणि दोघीही ते बोलत नव्हतो.

ताईंचे गुडघे गेलेले. वरचा जिना उभा आणि अरुंद, त्यांना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागतात. मला खालची समोरची खोली हवी होती. तिथे माझं शिलाई मशीन आहे, दार रस्त्यावर उघडतं, बायका भाजी घेऊन जाता जाता ब्लाऊज टाकून जातात. हा धंदा मी एकटीने उभा केला आहे. कुणाकडून एक सुईदेखील मागितली नाही. तो मला जिन्यावर चढवायचा नव्हता.

आम्हाला विचारलंच असतं तर आम्ही दोघींनीही, तुम्हाला बरं वाटेल ते करा, असं म्हटलं असतं. कुणी विचारलं नाही. भासरे, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणाले, "ईश्वरचिठ्ठी टाकू. मंग कोनाचं बोलनं नाई." देवापुढे वाटीत चिठ्ठ्यांच्या दोन घड्या ठेवल्या. शेजारच्या लहान पोरीला पाटावर उभं केलं. तिने आमच्या नावाने जी चिठ्ठी उचलली तिच्यात 'खाली' लिहिलेलं होतं.

मला आनंद झाला. लपवून काय करू? अगदी पोटातून आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चहा टाकायला आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी आपली भांडी थोडी थोडी वर न्यायला सुरुवात केली. हातात दोन डबे, दुसऱ्या हाताने कठडा, आणि प्रत्येक पायरीवर थांबणं. मी खाली शिलाई मशीनवर बसून ते ऐकायची. बाह्या उलट्या लागायला लागल्या.

शेवटी मी म्हटलं, "ताई, तुमी खाली राहा. आमी वर जातो."

"मले दान नोको देऊ."

"दान कायचं? तुमचे गुडघे..."

"माह्ये गुडघे मी पाहीन. चिठ्ठी निंघाली, झालं."

नवऱ्याला सांगितलं. तो भासऱ्यांशी बोलला. भासरे म्हणाले, देवापुढची चिठ्ठी फिरवत नसतात. विषय संपला. ताई रोज दुपारी माझ्याबरोबर खेळायला मात्र खाली यायच्या, आणि खेळून झालं की पुन्हा डबे घेऊन जिना चढायच्या. आमच्या घरात हट्टाला काही तोटा नाही.

एका दुपारी मला सुचलं. म्हटलं, "ताई, चिठ्ठी म्हंजे काय, पेटीच आहे. आंधळी पेटी. तिच्यापेक्षा आपली शर्यत बरी. जो जिकन त्याचा खालचा मजला."

त्यांनी आपला रिमोट उचलला. "पेट्या चालू ठेवशीन?"

"ठेवीन."

"मंग लाव."

मी मनात ठरवूनच बसले होते. दोन फेऱ्या नेहमीसारखी चालवली. तिसऱ्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या जरा आधी, बटणावरून अंगठा उचलला. गाडी आपोआप मंदावली. ताई मागून आल्या, मला ओलांडून पुढे गेल्या, आणि शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबल्या. मशीनच्या गाड्या एकामागून एक रेषा पार करून गेल्या. आम्ही दोघी रस्त्यात उभ्या.

"जा ना ताई. तुमी जिकून राहिल्या."

"मी रोज थांबतो. थांबलेली गाडी मले ओयखू येत नाई काय?" त्यांचा आवाज चढला. माझ्यावर असा आवाज त्यांनी माझ्या लग्नापासून कधी चढवला नव्हता. "मले हरवाचं असन तं हरव. माह्यासाठी थांबू नोको. पुन्हा लाव."

मला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला. इतकं समजून घेऊनही वर बोलणी खायची? मग हराच. मी पुन्हा शर्यत लावली आणि जीव खाऊन गाडी चालवली. अमरावतीच्या सगळ्या सुट्ट्या त्या तीन फेऱ्यांत ओतल्या. पहिली फेरी मी पहिली. दुसरी फेरी मी पहिली. तिसऱ्या फेरीत तर मला त्यांचे गुडघे आठवतसुद्धा नव्हते. शेवटचं वळण मी असं घेतलं की मामेभाऊ असता तर उठून उभा राहिला असता.

आणि मागून बॉम्ब आला. माझी गाडी हवेत तीन गिरक्या घेऊन पडली, बाजूने रॉकेटवर बसून ताई सूं करून गेल्या, आणि पडद्याच्या त्यांच्या अर्ध्यात फटाके फुटले.

मी रिमोट गादीवर आदळला. काय काय बोलले, सगळं आठवत नाही. ही लबाडी आहे म्हटलं. तीन फेऱ्या मी मरमर करायची आणि तुम्ही एक पेटी फोडून मोकळ्या, म्हटलं. आणि मग तोंडातून निघून गेलं, "आता माह्यं गिऱ्हाईक काय जिना चढून येईन? कोन येईन वर ब्लाऊज टाकाले?"

हे मी आजवर त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

ताईंनी रिमोट नीट टीव्हीखाली ठेवला. त्या हसत नव्हत्या. "आता राहीन मी खाली," त्या म्हणाल्या. "आता तू देऊन नाई राहिली."

संध्याकाळी भासऱ्यांनी चिठ्ठीचं काय म्हणून विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, आमचं आमी पाहून घेतलं. त्यांचे डबे आणि गाद्या आम्ही दोघींनी मिळून खाली आणल्या. त्या जिन्याखाली उभ्या, मी वरून एकेक देत होते. मला अजून राग होता.