मूठभर ब्राझील नट

जिंतूरहून परभणीला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी पिशवीतून मूठभर ब्राझील नट काढले, आधी माझ्यापुढे धरले आणि मग शेंगदाण्यासारखे तोंडात टाकले. मी एकच घेतला. घरी बायको मला रोज एकच देते. माझ्यावर तिचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे.

"थायरॉइडसाठी लेकीनं धाडलेत," बाई म्हणाल्या. "पण केस लय गळायलेत. म्हणून आता दोन टाइम खायलेय." त्यांची नखंही फुटली होती. त्या डॉक्टरकडेच निघाल्या होत्या.

मी घसा खाकरला. "मावशी, यात सेलेनियम फार असतं. दिवसाला एखाददुसरा बास. जास्त झालं की त्यानंच केस गळतात, नखं फुटतात. डॉक्टरांना ही पिशवी दाखवा."

त्यांनी माझ्या टकलाकडे नीट पाहिलं. "तुमी किती खाल्ले होते?"

मी टकलावरून हात फिरवला. त्यांनी मात्र पिशवीला गाठ मारली. "पाकीट लवकर संपलं न्हाई, तर लेकीला वाटंल, आईला आवडलं न्हाई. म्हणून खात होते भाऊ."

परभणीत उतरताना त्या वळल्या. "डॉक्टरला सांगते. तुमी लेकीला सांगू नका."

लेकीचं नावही मला माहीत नव्हतं. तरी मी शब्द दिला.