कुजबुजणारा विजेता

वसईच्या आमच्या केळीच्या वाडीत, म्हणजे वाडीतल्या घरात, केबल आली तेव्हापासून मी रविवारी दुपारी गोल्फ बघायचो. खेळासाठी नाही, समालोचकावर चिडण्यासाठी. एकेकाळचा विजेता, आता कोट घालून काचेच्या खोलीत बसलेला. बोलायचा असा कुजबुजत, जणू शेजारी बाळ झोपलंय. कुणाचा चेंडू वाळूत गेला की म्हणायचा, "मी असतो तर असा मारला नसता." अरे, मग उतर ना खाली! गुडघे गेल्यावर अक्कल आलेला माणूस.

एकदा त्याने ठासून सांगितलं, चेंडू उजवीकडे वळणार. बाबा दारात पाय धूत होते. त्यांचा जन्म पाटाने केळीला पाणी सोडण्यात गेलेला. जमीन कुठे कलते ते त्यांना नुसतं बघून कळायचं. पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "डावीकडे जाईल." डावीकडेच गेला. तर हा शहाणा म्हणतो, "अपेक्षेप्रमाणे!" मी टीव्हीच बंद केला.

पुढे बाबांचेही गुडघे गेले. पाणी मी सोडू लागलो आणि ते बांधावर खुर्ची टाकून बसू लागले. "तिकडची माती कशाला ओढलीस? मी असतो तर आधी खालचा वाफा भरला असता." रोज, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हा त्या कोटवाल्याची मला पहिल्यांदा कदर वाटली. तो निदान कुजबुजायचा.