साडूंचा राजीनामा मंजूर

माझ्या थोरल्या साडूंइतके राजीनामे दिलेला माणूस अख्ख्या ऑन्टॅरिओत शोधून सापडणार नाही. मराठी मंडळाची कार्यकारिणी, कॉन्डो सोसायटीचं बोर्ड, भिशी, ऑफिसचं कारपूल, जिथे म्हणून त्यांचं नाव लागलं तिथून ते कधी ना कधी बाहेर पडले आहेत. मुलाच्या लग्नात जेवणावरून बिनसलं तेव्हा तर त्यांनी चक्क वरपित्याच्या पदाचा राजीनामा दिला होता. यातला एकही राजीनामा अर्थातच जाण्यासाठी नव्हता. ती त्यांची रीतसर रुसण्याची पद्धत. पत्र धाडलं की साडू इस्त्रीचा शर्ट चढवणार, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून ठेवणार, मेव्हणीला पोहे भिजवायला सांगणार आणि खिडकीशी जाऊन बसणार. संक्रांतीच्या कार्यक्रमात निवेदनाचा माइक दुसऱ्याला दिला म्हणून ते रुसले, तेव्हा अध्यक्ष आणि चिटणीस स्कारबरोहून व्हिटबीला त्यांच्या घरी भर बर्फात समजूत काढायला आले. साडूंनी तासभर आढेवेढे घेतले. मग "तुमचा इतका आग्रहच आहे तर..." म्हणत राजीनामा मागे घेतला आणि पाहुण्यांच्या गाडीच्या काचेवरचा बर्फही स्वतःच खरवडून दिला.

अशा माणसाने धंदा केला तो एका नागपूरकर मित्राबरोबर. हा मित्र सांगितलेलं सगळं खरं मानणारा. दोघांनी स्कारबरोत डब्यांचं किचन काढलं, आणि "दोस्तीत कसलं अ‍ॅग्रीमेंट!" म्हणून साधा करारही केला नाही. किचन छान चाललं होतं. मग एक दिवस मित्राने थालीपिठात चीज घातलं. साडूंच्या दृष्टीने हा संस्कृतीचा अंत होता. त्यांनी तिथल्या तिथे ईमेल ठोकली, "आजपासून मी पार्टनरशिपमधून बाहेर." घरी येऊन शर्ट बदलला, पोहे भिजले. संध्याकाळी मित्राचं उत्तर आलं: "बरं. काळजी घे." पोहे शेवटी मी आणि मेव्हणीने संपवले.

राजीनामा मागे कसा घ्यायचा हे विचारायला मी त्यांना एका वकील मुलीकडे घेऊन गेलो. इथेच वाढलेली मराठी मुलगी.

"अंकल, रिटन अ‍ॅग्रीमेंट नाही ना? मग तुम्ही नोटीस दिली तेव्हाच फर्म संपली. तुम्ही एकटे नाही बाहेर पडलात, यू एंडेड इट."

"अगं, मी नुसता रुसलो होतो!"

"लॉमध्ये रुसणं असं काही नाही, अंकल." तिला हसू आवरत नव्हतं. "नवी फर्म काढता येईल, पण दोघांना हवी असेल तरच. आणि जुन्या कस्टमर्सना कळवा. नाहीतर त्यांच्यासाठी तुम्ही अजून पार्टनरच."

साडू तडक किचनवर गेले. मित्र भांडी खोक्यांत भरत होता. फर्मच राहिली नाही म्हटल्यावर त्याने सामान विकायला काढलं होतं आणि तो कॅलगरीला मुलीकडे राहायला निघाला होता.

"एकदा तरी थांब म्हणायचं होतंस," साडू म्हणाले.

"तू खरंच बोलून राहिला असं वाटलं मला. गुडघे दुखतात तुझे. दमला असशील म्हटलं. कशाला अडवायचं?"

साडूंनी एक खोकं भरायला घेतलं.

मित्र जाण्याच्या आदल्या दिवशी साडू त्याच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाची तरी मनधरणी करायला निघाले होते. मी गाडीतच थांबलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि सीटबेल्ट न लावताच बसून राहिले.

"काय बोललात?" मी विचारलं.

"विंटर टायर्सबद्दल बोललो. कॅलगरीत लागतील म्हटलं."

"आणि जाऊ नकोस असं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला फार वाईट वाटलं. मी गाडी सुरू केली, तसे ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अरे, इतकी वर्षं इतके लोक माझ्याकडे आले. सुरुवात कशी करायचे रे ते?"