शेपटीवरचा झेंडू

विनायक पेडणेकर. आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी हेच नाव सांगेन. मुलुंड पूर्वेला त्यांच्या घरी मी तीन वर्षं भाड्याने राहिलो, आणि सगळ्या इमारतीसारखा मीही त्यांना काका म्हणायचो. महिन्याभरापूर्वी बेंगळुरूला ऑफिसात असताना त्यांच्या मुलीचा, माधवीताईंचा, फोन आला. "बाबा गेले रे सकाळी," त्या म्हणाल्या. "विमान अजून हुकालाच आहे. ते तूच येऊन उतरव."

मी परांड्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मुंबईत आलो, पण मुलाखतीत समोरच्याने प्रश्न विचारला की मी अडायचो. उत्तर माहीत असायचं, तोंडातून निघायचं नाही. अशाच एका मुलाखतीहून परत आलो, तेव्हा काकांनी कपाटावरून फोमचं एक ग्लायडर काढलं. नातवाने जत्रेतून आणलेलं, हाताने फेकायचं साधं खेळणं. नातू आईबापांबरोबर पुण्याला गेला आणि ते इथेच राहिलं. "तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलंस मा? मग ह्याका उडव बघूया," काका म्हणाले. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस मुंबईत जन्म काढूनही घरात मालवणीच बोलायचा.

मग महिनाभर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. नाक कापून मोटर आणि पंखा बसवला. शेपटीचे भाग ब्लेडने सोडवून चिकटपट्टीच्या बिजागरीवर हलते केले. ते ओढायला तार हवी होती, तर काकांनी गावाहून आलेल्या खराट्याचे दोन हीर, म्हणजे काड्या, काढून दिले, आणि तारेपेक्षा ते हलके निघाले. रोज संध्याकाळी मात्र एक परीक्षा असायची. काका चष्मा पुसून समोर बसायचे. "हां, आता समजाव. माका कायएक कळणा नाय असा समजान सांग." मी सांगायचो. वीज बॅटरीतून मोटरीकडे कशी जाते, रिमोटचा इशारा विमानाला कसा कळतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच विचारायचे. विसरायचे की मुद्दाम विचारायचे, ते मला आजही ठाऊक नाही. पुढे बेंगळुरूच्या कंपनीने मुलाखतीत "तुम्ही स्वतः काय बनवलंय?" असं विचारलं, तेव्हा समोर मला काकाच दिसत होते, आणि मी थांबता थांबलो नाही.

पहिल्या उड्डाणाच्या रविवारी मिठागराच्या बाजूच्या मैदानावर काकांनी आधी गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला मोठ्याने साकडं घालतात आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणतात. बाकीचा मी एकटाच होतो. घरी पंखांखाली दोन बोटं धरून आम्ही विमानाचा तोल अगदी नीट साधला होता. पण नवीन वस्तूला फूल नको का? पुढे लावलं तर पंखा कापील, म्हणून काकांनी टपोरा झेंडू शेपटीला चिकटवला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. परांड्याला आम्ही नवी सायकलसुद्धा हार घातल्याशिवाय चालवली नव्हती. विमान शेपटीच्या भाराने नाक वर करून सरळ चढलं, हवेत क्षणभर थबकलं आणि दगडासारखं खाली आलं. मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांतला एक ओरडला, "काका, पायलट कोण, तुम्ही की झेंडू?" काका स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. त्यानंतर फूल पुढे, बॅटरीच्या खोबणीत बसायचं, आणि तोल फुलासकट बघितला जायचा.

विमान मी उडवायचो, काका नुसते फेकायचे. कंपवाताने त्यांचे हात थरथरू लागले होते. रिमोट पुढे केला की म्हणायचे, "नको रे, तुझी मेहनत मातीत जायत." पण विमान वर असताना त्यांचे अंगठे पँटच्या खिशात हलत असायचे, ते मला दिसायचं. बेंगळुरूला जाण्याआधीच्या रविवारी मी रिमोटमध्ये एक सोय करून घेतली. दांडी जराशी हलली तर विमानाने तिकडे लक्षच द्यायचं नाही. विमान उंच नेलं आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. एक मोठी गिरकी झाली... मग दुसरी. काका वर बघत म्हणाले, "माझो हात थरथरता, पण ता थरथरणा नाय. काय केलंस रे?" मी समजावलं. हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी मुलुंडला गेलो. त्यांच्या पलंगावर छताच्या हुकाला टांगलेलं विमान उतरवलं. बॅटरीच्या खोबणीत झेंडूच्या पाकळ्या वाळून काळ्या झाल्या होत्या. माधवीताईंनी उशीखालचं माझं पत्र परत दिलं. काकांना फोनवर ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून मी लिहायचो, आणि त्यांच्याजवळ राहायला आलेल्या ताई वाचून दाखवायच्या. हे शेवटचं. "मी वाचत होते आणि ते प्रत्येक ओळीला 'व्हय महाराजा' म्हणत होते," ताई म्हणाल्या.

"ती. काका,
माधवीताईंना हे मोठ्याने वाचायला सांगा. आज गाऱ्हाणं मी घालतो, साथ तुम्ही द्यायची. माझ्या मालवणीला हसू नका.
बा देवा महाराजा, परांड्याच्या पोराक तू मुलुंडात घर दिलंस, बोलूक शिकवलंस, तसोच पाठीशी ऱ्हव रे महाराजा.
ज्या हातांनी इमान फेकला, त्या हातांक आराम दी रे महाराजा.
शेपटेक फूल लावलंव, ती चूकभूल पोटात घाल रे महाराजा.
दिवाळीक मी येतंय. तवसर इमानाक आणि इमानाच्या मालकाक जागच्या जागी ठेव रे महाराजा..."