नानाजींचा रस्सा गावभर

देवळीच्या बसस्थानकासमोरचं नानाजींचं भोजनालय बंद पडत चाललं होतं, आणि का ते नानाजींना कळत नव्हतं. पाटवडीच्या रश्श्यासाठी इथे एकेकाळी लोक भिंतीला टेकून उभे राहत, बाक रिकामं होण्याची वाट बघत. आता भर दुपारी माश्यासुद्धा फिरकत नव्हत्या. मोबाइलच्या दुकानासाठी गावातल्याच मुकेशने जागा मागितली होती. सोमवारी सांगतो, असं नानाजी म्हणाले होते.

"देऊन टाका," नानाजींच्या पत्नी देवकाबाई म्हणाल्या. "मले आता पाटवड्या थापनं होत नाई."

"देतो. पन लोक काऊन येत नाई, ते कळू दे पह्यले."

"कळून काय करता?"

आयुष्यभर पेटती ठेवलेली चूल विझते आहे आणि विझवणारा दिसत नाही, एवढंच नानाजींना खुपत होतं.

एक मात्र होतं. ताटावरून कोणी "यात काय टाकता जी?" असं विचारलं, की नानाजी त्याला हाताला धरून आत न्यायचे. कांदा सालासकट निखाऱ्यात कसा भाजायचा, खोबरं कुठवर काळं होऊ द्यायचं, सगळं दाखवायचे. चव लपवायची असते हे त्यांना सुचलंच नाही. अशा वेळी देवकाबाई मागे एखादं भांडं आपटायच्या.

रविवारी ते जुन्या गिऱ्हाइकांना विचारायला निघाले. किराणावाला प्रफुल म्हणाला, "डॉक्टरनं तेल बंद केलं ना, काका," आणि हातातला समोसा काउंटरखाली सरकवला.

पुढचं घर प्रभाकररावांचं. पोस्टातून निवृत्त झालेले. कधीकाळी त्यांचा एक रविवार चुकत नसे. ओट्यावर पाय ठेवताच नानाजी थबकले. आतून येणारा वास त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला येतो तसाच होता.

"या, या! जेवूनच जा," प्रभाकरराव म्हणाले. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ताट वाढलं.

नानाजींनी घास घेतला. "हा तं माहा रस्सा होय!"

"मंग कोनाचा? तुमीच तं शिकवला. प्रफुलच्या घरी हाच, गुरुजीच्या घरी हाच."

"म्हनून येत नाई तुमी?"

प्रभाकरराव ओशाळले. "आता घरीच भेटते म्हटल्यावर... कोन येते जी तिकडं?"

चूल विझवणारा जो हात नानाजी इतके दिवस शोधत होते तो त्यांच्याच ताटात होता, रश्श्याने माखलेला. त्यांनी दुसरा घास घेतला, आणि मान वर केली.

"बाई, मागून हे काय लागून राह्यलं? हे मी नाई शिकवलं."

"ते माहं हाय," कौशल्याबाई म्हणाल्या.

"काय हाय पन?"

"नाई सांगत."

"मी तुमाले सगळं सांगितलं नं!"

"म्हनूनच नाई सांगत. तुमचं काय झालं, पाह्यलं नं?"

"मलेच सांगत नाई," प्रभाकरराव म्हणाले. "मसाला वाटाच्या वक्ती मले बाहेर बसवते."

नानाजींना हसू आवरेना. त्यांनी वाटी पुढे केली. "अजून वाढा. कळतेच मले."

कळलं नाही. सोमवारी त्यांनी मुकेशच्या हातात किल्ली ठेवली आणि घरी येऊन दोघांपुरता रस्सा टाकला. त्यात जवस भाजून घातलं.

देवकाबाईंनी चमचाभर चाखला. "बरा झाला. असाच होता काय तिचा?"

"नाई. उद्या तीळ टाकून पाहू."

"पाहा. पन सापडलं तं आता कोनाले सांगू नका."

तेवढ्यात मुकेश दारात आला. मागच्या दाराची किल्ली राहिली होती. ती घेताना त्याने खोल वास घेतला. "काका, काय टाकलं यात?"

नानाजींनी बायकोकडे पाहिलं. मग मुकेशच्या हाताला धरलं.

"ये, आत ये. दाखवतो."

आत भांडं आपटलं.