पडद्यामागचा डावखुरा नवरदेव

आमच्या पुण्याच्या फिल्म सोसायटीत यान नावाचा स्लोव्हाक दिग्दर्शक पाहुणा आला होता. चहाच्या वेळी मी उगाच विचारलं, "भारतात काय बघायचंय?" मला वाटलं ताजमहाल म्हणेल. तो म्हणाला, "माझा सिनेमा बघणारे शेतकरी."

थट्टा नव्हती. तरुणपणी त्याने एका खेड्यातल्या लग्नावर पहिला सिनेमा केला आणि तिथल्या सरकारने तो कपाटात कोंडला. पुढे वीसेक वर्षं यान पोटासाठी मुलांचे कार्टूनपट करत राहिला. राज्य बदललं, सिनेमा सुटला, बक्षिसं मिळाली. पण ते खेडं तोवर धरणाखाली गेलं होतं. सिनेमा बघितला तो फक्त समीक्षकांनी. "शेतकरी उठून गेले तरी चालेल, निदान कळेल," म्हणाला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? कुंभार पिंपळगावच्या आत्याला फोन लावला आणि निघालो.

हिवाळ्यात जाणार असाल तर वाटेतल्या अंकुशनगरजवळ घाई करू नका, उपयोग नाही. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या रस्ताभर डुलत असतात. एका गाडीवानाने यानला ऊस दिला. कवळी सांभाळत त्याने तो संपवला. पुढचा रस्ता म्हणजे खड्डे जोडायला टाकलेलं डांबर. जीपवाल्याने गोरा पाहुणा बघून भाडं चढवलं होतं, आत्याचं नाव काढताच खाली आलं.

आत्याकडे हुरडा, भरीत, भाकरी, ठेचा. ठेच्यानंतर यान पहिला मराठी शब्द शिकला: पाणी.

भारनियमनाच्या धास्तीने मंडपवाल्याचा जनरेटर आणला. शाळेच्या मैदानात मधोमध पडदा. पुढे बापे, मागे बाया, ही गावची जुनी रीत. मागून चित्र उलटं, उजव्याचं डावं दिसतं, पण बायांना मोकळं हसता येतं. माइकवर मी मराठीत गोष्ट सांगत होते.

पुरुष जांभया देत होते. दोघे-तिघे उठलेच. यानचा चेहरा उतरला. पडद्यावर नवरदेव शेतात गहू पेरत होता आणि नवरीचा बाप सोयरीक मोडत होता. का, ते सिनेमात शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. त्यावर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिलीत.

तेवढ्यात मागून आत्या ओरडली, "अगं माय, डाव्या मुठीनं गहू पेरून राह्यलाय त्यो! मंग असा अपशकुन केल्यावर कोन देईल पोरगी?"

बाया खदाखदा हसल्या. पुढून एक आजोबा तडकले, "बिलकुल न्हाई! उजव्या हातानं पेरलंय. आमी आंधळे हाओत का?"

"मंग तुमीच सांगा, सोयरीक का मोडली?"

उठलेले चौकशीला पडद्यामागे गेले आणि तिथेच बसले. मी यानला सगळं समजावलं. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मग उठून मागे आत्याशेजारी बसला आणि आपला सिनेमा शेवटपर्यंत उलटा बघितला. नंतर एकही माणूस उठला नाही. मला इतका आनंद झाला की माइकवर माझा आवाज चिरकला.

शेवटी आत्याने दरडावलं, "दादा, खरं सांगा. डावखुराच हाय ना?"

मी भाषांतर केलं. यान म्हणाला, "आजपासून आहे."

आता पुण्यात तो सिनेमा कधीमधी लावते, पण सरळ बाजूने बघताना मला करमत नाही. त्या सोयरिकीचं आत्याने दिलेलं कारणच खरं वाटतं.

विमानतळावर यान रांगेतून आत जाता जाता वळला. टाटा करेल म्हणून मी हात वर केला. त्याने डावी मूठ भरली आणि त्या चकचकीत फरशीवर गहू पेरला.